टायर भार उचलत नाही, हवा उचलते

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचा दहा टायरी गाड्यांचा धंदा आता मुलगा बघणार आहे. हंगामात ऊस आणि साखर, एरवी मिळेल तो माल. वडील जन्मभर नायलॉन टायरवर चालले. दुकानदार रेडियल ट्यूबलेस घ्या म्हणून मागे लागलाय. गावातली माणसं म्हणतात, तुमच्या गाड्यांनी रस्त्याची वाट लावली. आणि टायरच्या धुळीने नदीतले मासे मरतात असं कुठेतरी वाचून मुलगा अस्वस्थ आहे. यात खरं किती, आणि टायर घ्यायचे कुठले?

मी सत्तावीस वर्षं टायरात आहे. सुरुवात रिट्रेडिंगच्या, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायच्या दुकानात, जुनं रबर खरवडणाऱ्या बफिंग मशीनवर झाली, पुढे कळंबोलीला एका वाहतूकदाराकडे टायर विभाग सांभाळला. उत्तर लांबणार आहे, कारण तुमचे तिन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत. तिन्हींचं उत्तर टायर जमिनीला जिथे टेकतो, त्या जागेत आहे.

ती जागा किती मोठी असते ते आधी बघू. तुमची दहा टायरी गाडी कायद्याने भरली तर साधारण अठ्ठावीस टन. मागच्या दोन अॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या आडव्या दांड्यांवर, मिळून २१ टन, म्हणजे आठ टायरांत वाटले तर प्रत्येकी २६२५ किलो. टायरात १२० पौंड हवा, म्हणजे चौरस इंचाला १२० पौंड दाब असेल, तर हा भार पेलायला साधारण ३१० चौरस सेंटिमीटर जागा लागते. ए-फोर कागद मधोमध दुमडा, तेवढीच. दहाही टायरांच्या जागा एकत्र केल्या तर लग्नघरातली एक मोठी परात भरेल. अठ्ठावीस टनांची गाडी खंबाटकी चढते, उतरते, ब्रेक मारते, पावसात वळते, ती या परातीवर. हिशोब ढोबळ आहे, साईडवॉलचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचा ताठरपणा धरला तर थोडा इकडेतिकडे होईल, पण मुद्दा बदलत नाही. भार रबर उचलत नाही, हवा उचलते. रबर, नायलॉन, पोलादी तारा हे सगळं हवा धरून ठेवायचं भांडं आहे. भांडं कसं बांधलंय यावर ती परात सपाट टेकते की कडांवर टेकते, आणि टेकताना किती तापते, हे ठरतं.

आता वडिलांचं नायलॉन. त्यात दोऱ्यांचे थर तिरपे असतात, एक डावीकडे झुकलेला, त्यावरचा उजवीकडे. चाक फिरताना टेकलेला भाग चपटा होतो, तेव्हा हे थर कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर सरकतात. नक्षीही, म्हणजे रस्त्याला टेकणारं खाचांचं रबर, त्यांच्याबरोबर रस्त्यावर चुळबुळते. या सरकण्याची उष्णता होते आणि या चुळबुळीने रबर झिजतं. रेडियलमध्ये पोलादी तारा एका बीडपासून (रिमवर बसणाऱ्या कडेपासून) दुसऱ्या बीडपर्यंत सरळ आडव्या जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टे असतात. साईडवॉल मोकळेपणी वाकते, पण नक्षी रस्त्यावर पट्ट्यासारखी सपाट बसते. मिशेलिनने याचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं, आपल्या ट्रकांखाली ही रचना सर्रास यायला त्यानंतर साठेक वर्षं गेली.

एवढा उशीर का झाला? आपली माणसं अडाणी होती म्हणून नाही. नायलॉनची साईडवॉल जाड असते, खाणीत, फडात, दगडावर घासली तरी टिकते. ठरल्यापेक्षा जास्त माल भरला तरी काही दिवस सहन करते. कुठल्याही धाब्यामागच्या पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होते. रेडियलची साईडवॉल एकदा कापली की बहुतेक वेळा टायर भंगारात. वडिलांच्या वेळचे रस्ते आणि वडिलांच्या वेळचा ओव्हरलोड बघता त्यांचा हिशोब बरोबर होता. तुमचा हिशोब वेगळा आहे, कारण रस्ते बदलले आणि डिझेल कुठल्या कुठे गेलं.

डिझेलचं गणित समोर मांडतो. टायर गोल फिरतो तेव्हा चपटा होतो, पुन्हा गोल होतो, पण चपटा करायला घातलेली सगळी ताकद परत मिळत नाही. काही भाग रबराच्या आत उष्णता होऊन जातो. हाच रोलिंग रेझिस्टन्स. तो किलो-प्रति-टनात मोजतात. २०२२ च्या अधिसूचनेने आपल्याकडे टायरांना रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांचे निकष लागले. युरोपच्या नियमात ट्रकच्या टायरला पहिल्या टप्प्यात ८ आणि दुसऱ्या टप्प्यात ६.५ अशी मर्यादा आहे. अठ्ठावीस टनांच्या गाडीला ८ चा टायर लावला तर गाडी कायम २२४ किलोच्या ओढीविरुद्ध चालते, ६.५ चा लावला तर १८२. फरक ४२ किलोचा. इंजिनापासून चाकापर्यंत डिझेलातली साधारण ३८ टक्के ऊर्जा पोचते असं धरलं, तर हा फरक किलोमीटरला ०.०३ लिटर पडतो. किरकोळ वाटतो ना? एक लाख किलोमीटरला तीन हजार लिटर झाले. परतीला गाडी रिकामी येत असेल तर दोन हजार धरा. आजच्या भावाने या पैशात टायरांचा जवळजवळ पूर्ण संच येतो. प्रत्येक लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून जातो तो वेगळा.

युरोपातले लोक सांगतात की ट्रकच्या डिझेलचा तिसरा हिस्सा टायर खातो. ते ताशी ८५ ने धावतात, त्यांचं बरंच डिझेल वाऱ्याशी भांडण्यात जातं. आपली भरलेली गाडी पन्नासने चालते तेव्हा वाऱ्याचा विरोध कमी असतो आणि टायरचा वाटा त्यांच्यापेक्षा मोठा होतो. म्हणजे हळू चालणाऱ्या आपल्यालाच चांगल्या टायरचा जास्त फायदा. वारा कापायला केबिनवर फायबरचं कवच बसवून घेणारे मालक टायरची हवा मात्र महिन्यातून एकदा बघतात, याचं मला नेहमी हसू येतं.

दुकानदार तुम्हाला एक गोष्ट सांगणार नाही. नवा कोरा, खोल नक्षीचा टायर जास्त डिझेल खातो, कारण वाकायला रबर जास्त. नक्षी झिजत जाते तसा तोच टायर हलका चालतो. गोटा झालेला, म्हणजे नक्षी पार गेलेला टायर सगळ्यात कमी डिझेल खातो! पण जुलैत घाटात त्याच्यावर गाडी थांबत नाही. कायद्याने ट्रकच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर नक्षी हवी. मी पावसाळ्यात पुढच्या टायरला चार मिलिमीटरच्या खाली कधी जाऊ दिलं नाही. भरलेला ट्रक पाण्यावर सहसा तरंगत नाही, दाबच इतका असतो. रिकामा ट्रक मात्र घसरतो आणि आपले बरेच ड्रायव्हर रिकाम्या गाडीतच जोरात असतात.

साईडवॉलवर काय लिहिलंय ते वाचायला शिका. जुन्या १०.०० आर २० या सोळा प्लायच्या टायरवर '१४६/१४३ के' असं दिसेल. १४६ म्हणजे एकटा टायर असेल तर ३००० किलो, १४३ म्हणजे जोडीत (मागे एका बाजूला दोन टायर शेजारी-शेजारी) असेल तर प्रत्येकी २७२५ किलो, आणि के म्हणजे ताशी ११० पर्यंत. पुढच्या अॅक्सलला दोन टायर, म्हणजे सहा टन. जुन्या कायद्यातही पुढच्या अॅक्सलची मर्यादा नेमकी सहा टनच होती. जुलै २०१८ मध्ये सरकारने ती सात टन केली आणि मागच्या एकेरी अॅक्सलची १०.२ वरून ११.५ टन. आता पुढच्या प्रत्येक टायरवर साडेतीन टन येतात, जुना १४६ चा टायर तिथे पुरत नाही. म्हणून २९५/८० आर २२.५ सारखे ट्यूबलेस पुढे आले. त्यावर '१५२/१४८' असतं, म्हणजे ३५५० आणि ३१५० किलो. नवी गाडी घेताना हे आकडे आणि आरसीवरचा भार शेजारी ठेवून बघा. शोरूमवाला बघेल या भरवशावर राहू नका.

जोडीतल्या टायरला कमी भार का लिहितात, हा प्रश्न मला नव्या पोरांनी नेहमी विचारलाय. कारण जोडीतले दोघे कधीच निम्मे-निम्मे उचलत नाहीत. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, शिवाय एकाची हवा कमी, एकाची नक्षी जास्त. समजा दोन टायरांच्या व्यासात आठच मिलिमीटरचा फरक आहे. परिघात अडीच सेंटिमीटरचा फरक पडला. किलोमीटरला चाक तीनशे फेरे घेतं. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला लहान टायर सात-साडेसात मीटर फरफटत जातो. मुंबई ते नागपूर किती फरफटला ते तुम्हीच काढा. तो झिजतो, मोठा टायर जास्त भार घेऊन तापतो आणि डिझेल दोघंही खातात. जोडी लावताना फूटपट्टी नाही तर निदान सुतळी गुंडाळून माप घ्या.

यावरून एक प्रसंग. मे महिना, दुपारी दोनचा सुमार, शिरवळच्या पुढे आमची एक गाडी लोखंड भरून चालली होती. ड्रायव्हर जुना आणि शहाणा. सकाळी निघताना त्याने नेहमीप्रमाणे लोखंडी रॉडने टायर वाजवले होते. बाहेरचे सगळे ठणठणीत बोलले. आतला एक भद्द वाजला होता, पण क्लीनर म्हणाला आत नीट रॉड पोचत नाही म्हणून तसा आवाज येतो. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला लावलेली लांब नळी सैल होती, रात्रभर हवा उतरत गेली होती. बाहेरून काही दिसत नाही, कारण बाहेरचा टायर दोघांचा भार घेऊन उभा असतो. सत्तर किलोमीटरवर बाहेरचा फुटला. पट्टा सुटून मडगार्ड फाडून गेला आणि ब्रेकची एअर पाइप तोडली. मागे दुचाकी नव्हती हे नशीब. मी पोचलो तेव्हा आतला टायर रिमवर गुंडाळलेल्या गोधडीसारखा झाला होता आणि त्याच्या पोटात रबराचा काळा भुगा. टायर कमी हवेवर चालला की साईडवॉल आतून स्वतःलाच दळते, तो हा भुगा. टायर उघडल्यावर पोटात असा भुगा दिसला की दुकानदार काहीही सांगो, तो टायर परत लावायचा नाही. फुटला बाहेरचा, पण चूक आतल्याच्या हवेची होती. हायवेवर पडलेले काळे पट्टे बघून लोक रिट्रेडला शिव्या देतात. मी असे पट्टे उचलून बघितलेत, त्यांत नव्या टायरांचेही असतात, आणि बहुतेकांच्या मुळाशी हवाच असते.

तापण्याचा विषय निघालाच आहे तर समृद्धीचंही बोलू, कारण हे तुम्हाला कोणीतरी ऐकवणारच. ७०१ किलोमीटरचा काँक्रीटचा रस्ता, आणि सुरू झाल्यापासून 'काँक्रीटमुळे टायर फुटतात' अशी बोलवा. काँक्रीट टायर फोडत नाही. उन्हात काळं डांबर राखाडी काँक्रीटपेक्षा जास्त तापतं, हवं तर अनवाणी उभं राहून बघा. टायर तापतो तो मुख्यतः स्वतःच्या वाकण्याने. जुन्या रस्त्यावर दर वीस मिनिटांनी गाव, स्पीडब्रेकर, टोल, चहा. टायरला उसंत मिळायची. इथे दोन-दोन तास एकसारखा वेग. कमी हवेचा, जुना, जास्त भरलेला टायर जो गावातल्या रस्त्यावर आणखी महिनाभर रडतखडत चालला असता, तो इथे दोन तासांत निकाल लावतो. टायर किती जुना आहे हे साईडवॉलवरच्या चार आकड्यांवरून कळतं: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा.

आणि एक घातक सवय. सकाळी तीस अंशाला १२० पौंड भरलेली हवा टायर सत्तर अंशाला गेल्यावर १३८ च्या आसपास दाखवते. हे बरोबरच आहे, टायर बनवणाऱ्याने ते धरलेलं असतं. ड्रायव्हर धाब्यावर गेज लावतो, आकडा बघून घाबरतो आणि हवा सोडतो. झालं! थंड झाल्यावर टायर शंभराला येतो, जास्त वाकतो, जास्त तापतो, मग पुन्हा आकडा चढतो आणि पुन्हा हवा सोडली जाते. गरम टायरची हवा कधीही सोडायची नाही. नायट्रोजनचं विचाराल तर भरा हवा तर, पण साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

आता रस्ता. आपल्या भाषेत एक शब्द आहे, चाकोरी. आज आपण तो माणसांच्या वागण्याला लावतो, पण मूळ अर्थ बैलगाडीच्या चाकांनी पडलेली खाच. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायचे. तिची जमिनीला टेकणारी जागा दोन-तीन बोटांची. पाऊण टनाची गाडीसुद्धा त्या दोन बोटांनी मुरूम कापत जायची. साखर कारखान्यांनी टायरगाड्या आणल्या तेव्हा बैलांचा जीव हलका झाला आणि रस्त्यांचाही. भार तोच, टेकायची जागा वाढली.

पण यावरून 'टायर रुंद केला की रस्ता वाचला' असं समजू नका. रस्त्याला दोन प्रकारची इजा होते. वरच्या दहाएक सेंटिमीटरच्या थराला टायरचा दाब जाणवतो: किती पौंड हवा, कडेवर टेकलाय की सपाट, वळताना घासतोय का. खोलात, खडीच्या थराला आणि त्याखालच्या मातीला टायर कळतच नाही. तिथे फक्त अॅक्सलवर एकूण किती टन आलेत एवढंच पोचतं. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दिवसरात्र ट्रक फिरवून बघितलं. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की अॅक्सलवरचा भार वाढतो त्याच्या चौथ्या घाताने रस्त्याचं आयुष्य खर्च होतं. १०.२ टनांऐवजी ११.५ टन आले, म्हणजे भार तेरा टक्के वाढला, तर इजा साठ टक्क्यांनी वाढते. १०.२ च्या जागी पंधरा टन भरले तर साडेचार पटीच्या वर. तेव्हा गावातली माणसं म्हणतात ते निम्मं बरोबर आहे. तुमच्या भरलेल्या एका फेरीसमोर त्यांच्या मोटारसायकली आणि जीप रस्त्याला जाणवतही नाहीत. आणि काळ्या मातीवर बांधलेला, पावसाळ्यात खालून फुगणारा गावचा पातळ डांबरी रस्ता हंगामाच्या गाड्यांसाठी बांधलेलाच नसतो.

वरच्या थराबद्दल मात्र टायरवाल्यांकडेही बोट जातं. रस्ते कसे बांधायचे ते ठरवणाऱ्या आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) ३७ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत डांबरी थराचं आणि मातीचं गणित करताना टायरचा दाब ०.५६ मेगापास्कल धरतात, म्हणजे सुमारे ८१ पौंड. आपण रेडियलमध्ये भरतो ११० ते १२५. आपल्याला जास्त हवा हवी असते: टायर कमी वाकतो, डिझेल वाचतं, केसिंग, म्हणजे नक्षीखालचा टायरचा सांगाडा, टिकते. रस्त्याला कमी हवा हवी असते. दोघांचं भांडण त्या अर्ध्या कागदाएवढ्या जागेत रोज चालतं. एप्रिल-मेमध्ये डांबर मऊ पडतं, तेव्हा सिग्नलजवळ आणि टोलनाक्याआधी, जिथे भरलेल्या गाड्या उभ्या राहतात, तिथे त्याचा निकाल दिसतो. नव्या डांबरात जुनीच चाकोरी.

परदेशात यावर एक उपाय म्हणून जोडीच्या जागी एकच रुंद टायर आला. युरोपातल्या ट्रेलरना तीन अॅक्सल आणि प्रत्येकी दोनच ३८५/६५ टायर असतात. अमेरिकेत २००० च्या सुमारास ४४५ आणि ४५५ मिलिमीटर रुंदीचे आले. दोन साईडवॉल कमी म्हणून वाकणं कमी, डिझेल कमी; रिमं निम्मी म्हणून वजन तीन-चारशे किलोंनी उतरतं, तेवढा माल जास्त; आतल्या टायरची भानगडच नाही आणि जोडीत दगड अडकून मागच्या मोटारसायकलवाल्यावर उडण्याचा धोकाही नाही. पण जुने अरुंद 'सिंगल' रस्त्यावर जोडीपेक्षा जास्त खोल चाकोऱ्या पाडायचे. नवे बरेच सुधारले, तरी जोडीपेक्षा ते रस्त्याला चांगले असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे? आत्ता नको. एक पंक्चर झालं तर गाडी जागेवर बसते; जोडीतला एक गेला तर निदान कडेला तरी नेता येते. आणि हे टायर रात्री दोन वाजता जत किंवा औसा रोडला मिळणार नाहीत.

वळताना घासण्याचं एक सांगून पुढे जातो. अॅक्सल जितके जास्त आणि एकमेकांपासून जितके लांब, तितके मागचे टायर वळणावर आडवे ओढले जातात. रस्त्याचं डांबर आणि तुमचं रबर, दोन्ही खरवडतं. लिफ्ट अॅक्सलची, म्हणजे एक अॅक्सल जमिनीवरून वर उचलता येतो अशी गाडी घेतलीत तर रिकामी असताना अॅक्सल उचललाच पाहिजे. भरल्यावर मात्र 'वळायला जड जाते' म्हणून तो उचलून ठेवणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. त्या वेळी बाकीच्या अॅक्सलवर काय येतं ते चौथ्या घाताने मोजा.

मासे. ही बातमी खरी आहे, पण तिची जागा अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य आहे. तिथे सिअॅटलच्या परिसरात समुद्रातून ओढ्यांत परतणारे कोहो सामन मासे पहिल्या पावसानंतर अंडी घालायच्या आत मरायचे. कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये संशोधकांनी ते दाखवून दिलं. टायरच्या रबराला हवेतल्या ओझोनने चिरा पडू नयेत म्हणून त्यात सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचं जे बनतं, ते रस्त्यावरच्या पाण्याबरोबर ओढ्यात जातं आणि अगदी थोड्या प्रमाणात कोहोला मारतं. माशांच्या काही जाती त्याला अजिबात दाद देत नाहीत, त्यामुळे 'टायर सगळे मासे मारतो' असं नाही. पण ते रसायन आपल्याही टायरांत असतं आणि ते काढून टाकलं तर साईडवॉल चिरते. त्याच्या बदली काय घालायचं यावर सध्या सगळीकडे डोकेफोड चालू आहे.

धूळ किती, याचा अंदाज घरच्या घरी काढता येतो. तेरा मिलिमीटर नक्षी झिजेपर्यंत चाललेला टायर घ्या. रुंदी बावीस सेंटिमीटर, परीघ ३.३ मीटर, खाचा वजा केल्या तर तीन-चतुर्थांश रबर. एका टायरमागे सात-आठ किलो होतात. दहा टायरांच्या गाडीने एका संचात सत्तर-ऐंशी किलो रबर रस्त्यावर सांडलेलं असतं. ते वाऱ्याने शेतात जातं, गटारातून ओढ्यात जातं. थोडा बारीक भाग हवेत राहतो आणि बाकीचा रस्त्याच्या धुळीत मिसळून कडेला बसतो. इलेक्ट्रिक ट्रक आला तरी हे थांबत नाही. त्याची बॅटरी जड आणि उचल जोरदार, उलट जास्तच झिजेल. युरोपने युरो-७ या प्रदूषणाच्या नियमात धुराड्याबरोबर टायरच्या झिजेवरही मर्यादा आणायचं ठरवलंय ते यामुळेच.

कमी झिजणारं रबर बनवता येतं, पण ते कडक केलं की पावसात पकड जाते. पकड वाढवली की झीज किंवा डिझेल वाढतं. टायर बनवणारे यालाच जादूचा त्रिकोण म्हणतात. एक कोपरा ओढला की दुसरे दोन आत जातात. सिलिका घालून तो त्रिकोण थोडा मोठा करता आला, विशेषतः कारच्या टायरात. ट्रकच्या टायरला मात्र अजूनही नैसर्गिक रबरच लागतं, कारण ते वाकताना कमी तापतं आणि फाटायला चिवट असतं. त्यासाठी केरळ आहेच, पण आपल्या दोडामार्गातही डोंगर उतारांवर रबराच्या बागा झाल्यात. तिथली जुनी झाडी गेली, हाही टायरचाच हिशोब.

पर्यावरणासाठी एक मालक म्हणून तुमच्या हातात काय आहे, तर रिट्रेड. नव्या टायरचं वजन पंचावन्न-साठ किलो, त्यातलं झिजतं सात-आठ किलो. बाकीची केसिंग, तारांसकट, धडधाकट असते. ती फेकणं म्हणजे तळ झिजला म्हणून बूट टाकून देण्यासारखं. रिट्रेडला नव्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं तेल लागतं. पण केसिंग वाचली तरच. मी बफिंगवर असताना गिऱ्हाईक गोटा झालेला, तारा दिसणारा टायर घेऊन यायचं आणि म्हणायचं, रबर चढवून द्या. खिळ्याच्या भोकातून पाणी शिरून तारांना गंज धरलेला असायचा. खडूने गोल करून परत पाठवायचो. तीन-चार मिलिमीटर शिल्लक असतानाच टायर काढला तर चांगली रेडियल केसिंग दोनदा रिट्रेड होते. रिट्रेड मागच्या अॅक्सलला लावायचा, पुढे कधीच नाही.

जे टायर रिट्रेडच्याही पलीकडे जातात ते कुठे जातात, हे पालघरच्या वाडा तालुक्यातल्या लोकांना विचारा. तिथे टायर तापवून तेल काढणारे बरेच कारखाने आहेत. २०२२ पासून टायर बनवणाऱ्यांवर जुन्या टायरांच्या विल्हेवाटीची जबाबदारी कायद्याने आली आहे, पण टायर भंगारवाल्याला देताना तो पुढे कुठे नेतो हे विचारायला तुम्हाला कोणी बंदी केलेली नाही.

तर तुमच्या गाड्यांचं. हायवेवर साखर आणि इतर माल नेणारी जी गाडी असेल, तिला डोळे मिटून रेडियल ट्यूबलेस. ट्यूब आणि तिच्याखालच्या रबरी पट्टीचं, फ्लॅपचं, घासणं गेलं, खिळा लागला तरी हवा एकदम न जाता हळूहळू उतरते आणि टायर रिमवर अडकवून ठेवणारी लोखंडी लॉक रिंग गेली. हवा भरताना ती रिंग उडून माणसं गेलेली आहेत, एवढ्या एका कारणासाठीही मी ट्यूबलेस घेईन. पुढे लांब सरळ खाचांची नक्षी, मागे हाउसिंगला, म्हणजे इंजिनाची ताकद जाते त्या अॅक्सलला, थोडी ठोकळ्यांची. मागे लग टायर, म्हणजे जाड आडव्या ठोकळ्यांचे, लावून हायवेवर पळवू नका, आवाज आणि डिझेल दोन्ही जास्त. जी गाडी हंगामात थेट फडात जाते, तिला यंदापुरतं नायलॉन राहू द्या. सरीतल्या दगडांनी आणि खोडव्याच्या बुडख्यांनी रेडियलची साईडवॉल कापली तर वडील तुम्हाला वर्षभर ऐकवतील. खरं तर ती गाडी फडात नेऊच नये: शंभर पौंड हवेचा टायर ओल्या काळ्या जमिनीत जातो तेव्हा खालची माती पुढच्या हंगामातही दगडासारखी राहते, आणि ते शेत बहुतेक तुमच्याच भावकीचं असतं. बांधापर्यंत ट्रॅक्टर, पुढे ट्रक, असं जमत असेल तर बघा.

चांगलं गेज विकत घ्या, दोन घ्या, एक गाडीत ठेवा. आणि गाडीची डिलिव्हरी घ्यायच्या आधी खाली वाकून आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत तुमचा हात पोचतो का ते बघा. पोचत नसेल तर नळी आणि तिची क्लिप तिथेच, तुमच्यासमोर बसवून घ्या.